भूतदया आणि मनमेळ



संक्रांत हा तिळगूळ देऊन गोड बोलण्याचा सण. नाशिक शहरांत तो पतंगांचाहि सण आहे, आणि येवल्याचें तर विचारूंच नका; तेथें भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस लहानथोर सारे आसारी घेऊन गच्चीवर चढलेले असतात. चौथ्या दिवशीं पतंग खालीं उतरतात, पण मांजा उतरत नाहीं. पूर्वींचा सुती दोरा उन्हापावसानें कुजून जाई. नायलॉनचा दोरा कुजत नाहीं. झाडांच्या शेंड्यांत आणि विजेच्या तारांत तो महिनेन् महिने लोंबकळत राहतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ११ जुलै २०१७ रोजीं ह्या मांजाला देशभर बंदी केली. तरी घारी, बगळे, घुबडें आणि वटवाघळें त्यांत अडकून जायबंदी होतातच. मग बांबू, शिडी आणि पुठ्ठ्याचीं खोकीं घेऊन कांहीं माणसें गल्लोगल्लीं फिरूं लागतात. कोणी नोकरी करणारा असतो, कोणी महाविद्यालयांत शिकणारी, कोणी निवृत्त शिक्षक. त्यांना कोणीं नेमलेलें नसतें आणि कोणी पगार देत नाहीं.

अशा मंडळींविषयीं आपण वर्तमानपत्रांत कौतुकानें वाचतों. परंतु त्यांच्यांत वावरलेल्या माणसाला एकदां खासगींत विचारून पाहावें. जखमी घारीला सांभाळणें त्या मानानें सोपें, एकमेकांना सांभाळतांना मात्र जीव मेटाकुटीस येतो, असेंच तो बहुधा सांगेल. प्राण्यांना सोडविणाऱ्या स्वयंसेवकांच्या मंडळांत मनमेळ कसा टिकावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय लहान वाटेल; घरगुतीहि वाटेल. परंतु ज्या गांवांत अशीं दोन मंडळें एकमेकांशीं बोलत नाहींत, तेथें काय होतें तें पाहा. रात्रीं अकराच्या सुमारास रस्त्यांत मोटारीखालीं सांपडलेलें कुत्रें कोणाला तरी दिसतें. तो भला गृहस्थ दोन्ही मंडळांना कळवितो. पहिलें मंडळ समजतें, दुसरें गेलें असेल. दुसरें समजतें, पहिलें गेलें असेल. विचारून घ्यावें तर अबोला आहे. ह्या अबोल्याची किंमत त्या कुत्र्याला द्यावी लागते.

नाशिकला मुक्या जिवांची काळजी घेणें नवें नाहीं. नाशिक-पंचवटी पांजरपोळ ही संस्था १८७८ सालीं स्थापन झाली. शहराजवळ चुंचाळे येथें तिची विस्तीर्ण जमीन आहे. भाकड, म्हाताऱ्या आणि लंगड्या गुरांना तेथें आसरा मिळतो, आणि त्या जमिनीवर वाढविलेलें दाट वन हा अलीकडे सबंध शहराच्या आस्थेचा विषय झाला आहे. मुंबईची पांजरपोळ त्याहूनहि जुनी. तिचा उगम तर एका दंग्यांत आहे. १८३२ सालीं कंपनी सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याची मोहीम काढली, तेव्हां ज्यांच्या धर्मांत कुत्र्याला मोठा मान आहे ते पारशी लोक रस्त्यावर आले. त्यांना इतर व्यापारीहि मिळाले आणि बाजार बंद पडला. पुढें १८३४ सालीं सर जमशेटजी जीजीभाई आणि शेट मोतीचंद अमीचंद ह्यांनीं पुढाकार घेऊन पांजरपोळ उभी केली. एक पारशी, दुसरे जैन. खर्चासाठीं व्यापाऱ्यांनीं आपल्या मालाच्या देवघेवीवर लहानशी पट्टी बसवून घेतली. म्हणजे दयेची व्यवस्था त्यांनीं रोजकीर्दींत बसविली. ती कोणाच्या क्षणिक उमाळ्यावर सोडली नाहीं. तीं शेटमंडळी स्वभावानें आपल्याहून फार शांत होतीं, असें मला वाटत नाहीं. परंतु जागा कोणती, चारा कोठून, नोकर कोण आणि जमाखर्च कोणीं पाहावयाचा, हें ठरलेलें असल्यामुळें भांडावयाचें झालें तरी त्याला वेळ व जागा ठरलेली असे.

आजच्या स्वयंसेवकांजवळ ह्यांतलें बहुधा कांहींच नसतें. जवळ असतें एक दुचाकी, एक फोन आणि पुष्कळसा कळवळा. दुखावलेलें जनावर ठेवण्याची जागा म्हणजे कोणाच्या तरी घरची गॅलरी. औषधाचे पैसे म्हणजे कोणाच्या तरी खिशांतले. आणि मुख्य कोण, हा प्रश्न संकोचामुळें कोणी काढलेलाच नसतो. सारे मित्रच आहेत ना! माझ्या मतें बिघाडाचें मूळ येथें आहे. लोक म्हणतात, अशा मंडळांत अहंकारी माणसें फार. अहंकार सगळीकडेच असतो. गायनसमाजांत असतो, भजनी मंडळांतहि असतो. ह्या कामांतली अडचण निराळी आहे. येथें भांडण दयेच्या अभावानें होत नाहीं, दयेमुळेंच होतें. ज्याच्या डोळ्यांसमोर प्राणी तडफडत आहे त्याला क्षणाचा विलंब सोसत नाहीं, आणि त्या क्षणीं ‘जरा थांब, आधीं वनखात्याला कळवूं’ असें म्हणणारा सहकारी त्याला दगडासारखा वाटतो. उलट त्या सहकाऱ्याला पहिला माणूस उतावळा वाटतो. दोघांनाहि त्या जिवाचें बरेंच करावयाचें असतें. म्हणूनच दोघांपैकीं एकहि मागें हटत नाहीं. स्वार्थासाठीं भांडणारा मनुष्य तडजोड करील, परंतु दुसऱ्याच्या जिवासाठीं भांडणाऱ्याला तडजोड म्हणजे विश्वासघात वाटतो.

हा रोग आपल्याच मातीचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. जगांतील ह्या प्रकारची जी सर्वांत प्रसिद्ध संस्था, तिची कथा ऐकण्यासारखी आहे. १६ जून १८२४ रोजीं लंडनच्या एका कॉफीगृहांत कांहीं मंडळी जमलीं आणि प्राण्यांवरील निर्दयता रोखण्यासाठीं त्यांनीं एक सभा स्थापिली. आर्थर ब्रूम नांवाचे धर्मोपदेशक तिचे पहिले चिटणीस. संस्थेनें निरीक्षक नेमले, खटले भरले. पैशाचा हिशेब मात्र बसेना. दोन वर्षांत कर्ज इतकें वाढलें कीं त्याला जामीन राहिलेल्या ब्रूमसाहेबांना तुरुंगांत जावें लागलें. त्यांच्या मागून लुईस गॉम्पर्ट्झ ह्या यहुदी गृहस्थानें संस्था सांवरली. हा मनुष्य मांस खात नसे, दूध घेत नसे, आणि घोड्याला कष्ट नकोत म्हणून घोडागाडींतहि बसत नसे. पुढें १८३२ च्या सुमारास संस्थेंत असा विचार बळावला कीं आपलें कार्य केवळ ख्रिस्ती तत्त्वांवर चालावें. ज्यानें संस्था सांवरली त्यालाच त्यामुळें बाहेर पडावें लागलें, आणि त्यानें प्राण्यांच्या मित्रांची निराळी सभा काढली. ब्रूम गेले पैशाच्या अव्यवस्थेनें, गॉम्पर्ट्झ गेले तत्त्वाच्या वादानें. पुढें १८४० सालीं त्याच संस्थेला व्हिक्टोरिया राणीनें ‘रॉयल’ हें बिरुद दिलें आणि ती आजहि चालू आहे. कामाला कीर्ति मिळते तेव्हां तें प्रथम ज्यांनीं केलें तीं माणसें बहुधा दारांत नसतात.

आतां नाशिककडेच परत येऊं. ह्या जिल्ह्यांतील एक काम असें आहे कीं मनमेळाची खरी परीक्षा त्यांत होते. निफाड, सिन्नर, दिंडोरी ह्या बाजूला उसाचीं शेतें आहेत आणि त्या उसांत बिबट्याची मादी वितें. तोडणी सुरू झाली कीं मजुरांना सरींत दोन-तीन पिलें सांपडतात. कधीं तीं बिबट्याचीं नसतातहि. रानमांजराचीं किंवा वाघाटीचीं असतात, आणि गांवभर बिबट्या आला म्हणून हांकाटी होते. खरोखर बिबट्याचींच असलीं तर तीं अनाथ नसतात. आई जवळपासच असते. माणसांच्या गलबल्यामुळें ती पुढें येत नाहीं एवढेंच. म्हणून वनखात्याची रीत अशी कीं पशुवैद्यकानें पिलें तपासावीं, अंधार पडण्यापूर्वीं तीं एखाद्या खोक्यांत घालून जेथें मिळालीं तेथेंच ठेवावीं, आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा लावावा आणि सर्वांनीं दूर निघून जावें. रात्रीं मादी येते, आणि एकेक पिलूं तोंडांत धरून घेऊन जाते. पहिल्या रात्रीं न आली तर पुन्हां प्रयत्न करावा लागतो.

ह्या कामांत स्वयंसेवकांचा उपयोग कोणता? गर्दी हटविणें, गांवकऱ्यांना समजावणें, खोकें पोंचविणें. आणि मग घरीं जाणें. हें घरीं जाणें फार कठीण आहे. दहा जण आलेले असतात. कामाला तीन पुरतात. उरलेल्या सातांपैकीं प्रत्येकाला तें मऊ, निळसर डोळ्यांचें पिलूं एकदां हातांत घ्यावेंसें वाटतें, फोनमध्यें त्याची छबी टिपावीशी वाटते. कोणाला थांबूं द्यावयाचें आणि कोणाला परत पाठवावयाचें, ह्यावरून जें मन दुखावतें तें वर्षानुवर्षें दुखरें राहतें. बिबट्या हा कायद्यानें सर्वोच्च संरक्षण असलेला प्राणी. त्याला हात लावण्याचा अधिकार वनखात्यालाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें कोणताहि वन्य प्राणी हातीं आला तर अठ्ठेचाळीस तासांच्या आंत जवळच्या पोलिस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावें लागतें. हा नियम मंडळांतील भांडणें मिटवावयास किती उपयोगी पडतो, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. घुबड आपल्या घरीं ठेवावें कीं दुसऱ्याच्या, असा वाद दोघांत चालला असतांना ‘तें तुझेंहि नाहीं आणि माझेंहि नाहीं, तें सरकारचें आहे’ असें म्हणण्याची सोय त्यामुळें होते. कायदा कोरडा असतो खरा. परंतु दोघां मित्रांमध्यें उभा राहावयास असा कोरडा तिऱ्हाईतच बरा.

कुत्र्यांच्या बाबतींत वाद निराळा असतो. २०२३ च्या प्राणिजन्मनियंत्रण नियमांप्रमाणें मोकाट कुत्र्यावर शस्त्रक्रिया करून, त्याला श्वानदंशाच्या रोगाची लस टोंचून, ज्या वस्तींतून उचललें त्याच वस्तींत परत सोडावयाचें असतें. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाला खांच करतात. आठ दिवस ज्या मुलीनें त्याला आपल्या हातानें भाकरी भरविली, तिला तें पुन्हां त्याच रस्त्यावर, त्याच मोटारींमध्यें सोडणें म्हणजे निर्दयपणा वाटतो. तिला ‘भावनाप्रधान’ म्हणून झिडकारूं नये. परंतु प्रत्येक कुत्रें घरीं ठेवावयाचें ठरलें तर पांचव्या कुत्र्यानंतर नवें कुत्रें घेण्यास कोणाच्याच घरीं जागा राहत नाहीं, हेंहि तिला सांगितलें पाहिजे. आणि तें कुत्रें सोडण्याच्या दिवशीं सांगून उपयोग नाहीं, आणलें त्या दिवशींच सांगितलें पाहिजे.

आतां सर्वांत अवघड प्रश्न. ज्या प्राण्याच्या बरें होण्याची आशा उरलेली नाहीं आणि ज्याच्या वेदना थांबवितां येत नाहींत, त्याला सुईनें शांत मरण द्यावें कीं नाहीं? ह्या एका प्रश्नावर चांगलीं मंडळें दुभंगतात. पांजरपोळीची परंपरा सांगते, जीव घेऊं नये. आसरा द्या, सेवा करा, मरण त्याच्या वेळेला येईल. पाश्चात्त्य पद्धतीची परंपरा सांगते, यातना लांबविणें हीच क्रूरता. आपल्याकडील मंडळांत दोन्ही परंपरांत वाढलेलीं माणसें एकाच टेबलाभोंवतीं बसलेलीं असतात.

ह्या बाबतींत गांधीजींच्या आश्रमांत घडलेली गोष्ट मला फार उद्बोधक वाटते. १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं जायबंदी होऊन पडलें. त्याला कूसहि वळवितां येईना, आणि उपाय उरला नाहीं असें वैद्यकीय मत पडलें. गांधीजींनीं तो प्रश्न आधीं आश्रमाच्या व्यवस्थापकांपुढें ठेविला, मग शेजाऱ्यांपुढें. चर्चेंत एका सज्जन शेजाऱ्यानें कसून विरोध केला. जो जीव आपण निर्माण करूं शकत नाहीं तो घेण्याचा आपल्याला अधिकार नाहीं, असें त्याचें म्हणणें. आणि केवळ म्हणूनच तो थांबला नाहीं, वासराची शुश्रूषा करावयासहि तयार झाला. आश्रमांतील भगिनींबरोबर त्यानें माशा वारल्या, वासराला खाऊं घालण्याचा प्रयत्न केला. शेवटीं गांधीजींनीं डॉक्टरला बोलावून, स्वतः समोर उभें राहून, विषाची सुई देवविली. नंतर देशभरांतून त्यांच्यावर रागाच्या पत्रांचा वर्षाव झाला. दोनच वर्षांपूर्वीं अहमदाबादच्या एका गिरणीमालकानें साठ मोकाट कुत्रीं मारविलीं, त्याचें समर्थन केल्याबद्दल असाच गहजब झालेला होता.

गांधीजींचा निर्णय बरोबर होता कीं चूक, हें मी येथें ठरवीत नाहीं. श्रोत्यांमध्यें दोन्ही मतांचे लोक असतील. मला महत्त्वाची वाटते ती निर्णयाची रीत. विरोधकाचें म्हणणें पुरतें ऐकलें गेलें. त्याला सेवा करावयास वाव मिळाला. निर्णय ज्यानें घेतला त्यानें तो दुसऱ्या कोणाच्या माथीं मारला नाहीं, आणि सुई देतांना तोंड फिरवून तो निघून गेला नाहीं. शिवाय ह्या प्रसंगावर जो लेख त्यांनीं लिहिला त्यांत विरोधकाचा मुद्दाहि त्यांनीं स्वतःच मांडला. आपल्या मंडळांत बहुधा ह्याच्या उलट होतें. रात्रीं दोघे जण पशुवैद्यकाकडे जाऊन निर्णय करून येतात, सकाळीं बाकीच्यांना फोनवरच्या संदेशांतून कळतें, आणि ज्यानें त्या जनावराच्या उशाशीं चार रात्री काढल्या त्याला निरोप घेण्याचीहि संधि मिळालेली नसते. पुढें तो ज्या रागानें भांडतो त्यांत तत्त्व थोडें आणि न घेतलेला निरोप फार असतो.

तेव्हां अशा मंडळानें कांहीं गोष्टी प्राणी समोर नसतांना ठरवून ठेवाव्यात. वैद्यकीय निदान फक्त पशुवैद्यकाचें, आणि तें लेखी. शांत मरणाचा निर्णय पशुवैद्यकाच्या निदानाशिवाय मुळींच नाहीं. निदान तसें असेल तर ज्यानें त्या प्राण्याची सेवा केली त्याला आधीं फोन, मग सुई. ज्याच्या श्रद्धेला हें मान्य नाहीं त्याला ह्या कामापासून दूर राहण्याची मोकळीक, आणि दूर राहिल्याबद्दल टोमणा नाहीं. त्याच्याकडे पांजरपोळींत पाठवावयाच्या गुरांचें काम द्यावें. तेथें त्याचीच दृष्टि अधिक उपयोगी पडते.

दुसरें, त्या त्या दिवसाचा एक मुखत्यार असावा. मंडळाचा कायमचा अध्यक्ष निराळा. मी म्हणतों तो आळीपाळीनें बदलणारा. सोमवारीं एक, मंगळवारीं दुसरा. आलेला प्रत्येक फोन त्याच्याकडे जावा, कोण जाईल तें त्यानें ठरवावें, आणि त्याच्या निर्णयावर त्या दिवशीं वाद नाहीं. वाद असेल तर तो महिन्याच्या बैठकींत. आळीपाळीचा फायदा असा कीं आज जो टीकाकार आहे त्याच्यावर परवां तीच पाळी येते, आणि एकाच संध्याकाळीं आलेल्या सात फोनांपैकीं तिघांना ‘आज जमणार नाहीं’ असें सांगतांना घशाला कशी कोरड पडते हें त्याला कळतें. पुष्कळसें मतभेदाचें विष ह्या एका अनुभवानें उतरतें.

नियमांना मैत्रीच्या नात्यानें अपवाद करूं नये. श्वानदंशाच्या रोगाची प्रतिबंधक लस आधीं टोंचून घेतल्याशिवाय कोणींहि कुत्र्याला किंवा वटवाघळाला हात लावावयाचा नाहीं, असा नियम असेल तर तो चिटणिसाच्या भावालाहि लागू. लस घेतलेली असूनहि चावा बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें जखम धुवावी आणि डॉक्टरांकडे जाऊन पुढच्या मात्रा घ्याव्यात. सापाच्या बाबतींत तर अधिकच कडकपणा हवा. नाग हातांत धरून छबी काढून घेणाऱ्या सर्पमित्रांचे मृत्यु आपण वर्तमानपत्रांत वाचतों. त्या छबीच्या मोहाला मंडळांतल्या वडीलधाऱ्यांनींच ‘वा!’ म्हणून खतपाणी घातलेलें असतें.

पैशाविषयीं मी थोडेंच बोलतों, कारण त्यांत गूढ कांहीं नाहीं. देणगी कोणाच्याहि वैयक्तिक खात्यांत घेऊं नये. पावती द्यावी. जमाखर्चाची वही बैठकींत सर्वांपुढें उघडी ठेवावी. संस्था नोंदविलेली असेल तर विश्वस्त बदलतांच बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयांत वेळेवर द्यावा. आपल्या राज्यांतील कितीतरी जुन्या संस्था त्या एका कागदापायीं कोर्टकचेऱ्यांत अडकल्या आहेत. हिशेब चोख असूनहि संशय येतो, तो हिशेब दाखविला नाहीं म्हणून.

श्रेयाची गोष्ट मात्र पैशाहून नाजूक. वर्तमानपत्रांत ज्याचें नांव छापून येतें तो बहुधा पिंजऱ्याजवळ उभा असलेला. ज्यानें आठ दिवस पिंजरा धुतला त्याचें नांव बातमीदाराला ठाऊकच नसतें. ह्यावर उपाय असा कीं बातमी मंडळाच्या नांवानें द्यावी आणि घरांतल्या घरांत, म्हणजे बैठकींत, धुणाऱ्याचें नांव आधीं घ्यावें. ज्यांच्या घरीं जखमी प्राणी ठेवलेला असतो त्यांच्या घरच्या मंडळींचेंहि नांव घ्यावें. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत आईनें किंवा सासूबाईंनीं एक खोली मांजराच्या पिलांना सोडलेली असते, आणि त्यांचा उल्लेख कोणी करीत नाहीं. मग एके दिवशीं त्या ‘आतां पुरें झालें’ म्हणतात, आणि मंडळाला वाटतें आपला एक आसरा अकारण बंद पडला!

ह्याच संदर्भांत श्रोत्यांनाहि एक विनंति आहे, कारण मंडळांतल्या कित्येक भांडणांची ठिणगी बाहेरून पडते. ‘मी कळविलें, आतां पुढें तुमचें काम,’ असें म्हणून फोन ठेवणारा नागरिक, आणि तासाभरानें ‘अजून कोणी आलें नाहीं, कसले तुम्ही प्राणिमित्र!’ म्हणून रागावणारा नागरिक, हा एकच असतो. त्यापेक्षां जखमी पक्षी दिसला तर त्याच्यावर हलकेंच फडकें टाकावें, हवेसाठीं भोंकें पाडलेल्या खोक्यांत अंधार करून ठेवावें, चोंचींत पाणी ओतूं नये, आणि पंखांत अडकलेला मांजा ओढूं नये. तो दोन्ही बाजूंनीं कापावा आणि जखमेंतला तुकडा पशुवैद्यकासाठीं तसाच राहूं द्यावा. उन्हाळ्यांत झाडाखालीं पडलेलें, पंख फुटलेलें पिलूं पुष्कळदां पडलेलें नसतेंच. तें उडावयास शिकत असतें आणि आईबाप फांदीवरून पाहत असतात. मांजराची भीति असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवावें. एवढें आपण केलें तर त्या दिवसाच्या मुखत्याराचे निम्मे फोन कमी होतील.

अजून एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचें आहे. ह्या कामांत मरण फार दिसतें. मांजानें पंखाचें हाड तुटलेली घार पुन्हां उडेलच असें नाहीं. गाडीखालीं सांपडलेलीं कुत्रीं पुष्कळशीं वांचत नाहींत. जो माणूस आठवड्याला पांच मरणें पाहतो आणि घरीं येऊन त्याविषयीं कोणाशीं बोलूं शकत नाहीं, त्याच्या स्वभावांत एक करडेपणा येऊं लागतो. तो नव्या मुलांवर ओरडतो. फोनवरच्या नागरिकाला टाकून बोलतो. पुढें पुढें जनावर आणलें तरी डोळे वर करून पाहत नाहीं. त्याच्या सहकाऱ्यांना वाटतें ह्याला गर्व झाला आहे. वस्तुतः त्याचा कळवळा थकलेला असतो. अशा माणसाला उपदेश करूं नये. त्याला दोन महिने रजा द्यावी आणि रजेवर असतांना त्याला फोन करूं नये. परत आल्यावर त्याला लगेच अपघाताच्या कामावर पाठवूं नये. बऱ्या झालेल्या प्राण्यांना सोडण्याच्या कामावर पाठवावें. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळावर बरा झालेला पक्षी खोक्यांतून निघून, क्षणभर गोंधळून, मग पाण्यावरून उडत गेलेला पाहणें हें त्याला औषध आहे. रामसर ठराव ज्या पाणथळांना मान्यता देतो त्यांत २०२० सालीं महाराष्ट्रांतून प्रथम ह्याच स्थळाची निवड झाली. नाशिककरांना हें औषध दाराशींच उपलब्ध आहे.

इतकेंहि करून कांहीं माणसें मंडळ सोडून जातातच. जाऊं द्यावींत. गॉम्पर्ट्झसाहेबांप्रमाणें एखादा निराळी सभा काढील, काढूं द्यावी. जातांना किल्ल्या, औषधें आणि पिंजरे ह्यांची देवघेव कागदावर व्हावी, म्हणजे पिंजऱ्यावरून मागाहून बोलाचाली होत नाहीं. सोडून गेलेल्याची निंदा नव्या स्वयंसेवकांपुढें करूं नये. आज जो ऐकतो तो मनांत म्हणतो, उद्यां मी गेलों तर माझ्याविषयींहि असेंच बोलतील. दोन मंडळें झालीं तर शहराचे भाग वांटून घ्यावेत आणि दोघांनीं एकमेकांच्या मुखत्याराचा क्रमांक आपल्याजवळ ठेवावा. २ ऑगस्ट २०१६ रोजीं गोदावरीला मोठा पूर आला आणि नदीकांठचा भाग पाण्याखालीं गेला, हें नाशिककर विसरले नसतील. तसा दिवस पुन्हां उगवला तर घाटाजवळ बांधलेलीं जनावरें सोडवावयास मिळतील तेवढे हात लागतील, आणि त्या रात्रीं सोडून गेलेल्या माणसालाहि हांक मारावी लागेल. त्याचें नांव यादींतून खोडूं नये.